अकरा रकाने : आईची शुश्रूषा करणाऱ्या एका लेकीचं प्रकरण

त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा खुर्चीत बसण्याआधीच त्यांनी पिशवीतून एक वही काढून टेबलावर ठेवली. जाड पुठ्ठ्याची, लांबट, हिशेबाला वापरतात तशी. आत लाल पेनाने आखलेले अकरा रकाने होते. आठ ग्लास पाणी, पहाटेचा व्यायाम, ध्यान, कृतज्ञतेच्या तीन ओळी, वाचन, रात्री मोबाईल बंद, असं बरंच काही. खाली तारखा आणि प्रत्येक चौकोनात बरोबरची खूण किंवा फुली. मी पानं उलटत गेले. पहिल्या आठवड्यात बरोबरच्या खुणा जास्त होत्या. तिसऱ्यापासून फुल्याच फुल्या. पाचव्या आठवड्यातली एक फुली तर इतकी दाबून मारलेली, की तिथे कागद फाटला होता.

"मॅडम, मला एवढंसुद्धा जमत नाही," त्या म्हणाल्या.

मी समुपदेशक आहे. ताण कसा कमी करावा याचे सल्ले मी रोज देते आणि त्यातले बहुतेक चांगले आहेत असं मला आजही वाटतं. पण या प्रकरणात चांगल्या सल्ल्यांनीच एका दमलेल्या बाईच्या डोक्यावर आणखी ओझं ठेवलं होतं आणि त्यात मीही भर घातली. म्हणून ते सविस्तर लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत, काही बदलले आहेत.

घरची परिस्थिती

वय ४८. पूर्णवेळ नोकरी, काम हिशेबाचं. घरात नवरा, कॉलेजात शिकणारा मुलगा आणि ७६ वर्षांची आई. आईला डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश. वडील गेल्यावर दोन वर्षांपूर्वी आई लेकीकडे राहायला आली. धाकटा भाऊ दुसऱ्या शहरात. दिवसा एक मदतनीस बाई यायची. संध्याकाळी सहापासून सकाळी नऊपर्यंत आई पूर्णपणे लेकीच्या ताब्यात.

मान आणि खांदे सतत दुखायचे. पहाटे तीन-साडेतीनला जाग यायची आणि मग डोळा लागायचा नाही. ऑफिसात बेरजा चुकायला लागल्या होत्या. वीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं, आणि त्यांना याचीच सगळ्यात जास्त लाज वाटत होती. निदान सुरुवातीला त्यांनी तसं सांगितलं. खरी गोष्ट पाऊण तासाने निघाली.

दहा दिवसांपूर्वी रात्री दोन वाजता आई उठली आणि दाराची कडी काढायला लागली. "मला घरी जायचंय." त्या रात्रीची ही तिसरी वेळ. लेकीने आईचं मनगट धरलं आणि ओढत पलंगापर्यंत आणलं. सकाळी आंघोळ घालताना मनगटावर चार बोटांचे वळ दिसले. आईला काहीच आठवत नव्हतं. तिने स्वतःच्या हाताकडे बघून विचारलं, "हे काय झालं गं?"

हे सांगताना त्या रडल्या नाहीत. माझ्याकडे न बघता वहीचा कोपरा दुमडत राहिल्या. मग खूप हळू म्हणाल्या, "कधीकधी वाटतं, लवकर सुटली तर बरं. स्वतःच्या आईबद्दल असं वाटतं, मॅडम."

वर्षानुवर्षं शुश्रूषा करणाऱ्या माणसांच्या मनात हा विचार येतो, आणि प्रेम आटलं म्हणून येतो असं नाही. मी त्यांना तेच सांगितलं. सांगितल्यावर त्यांचे खांदे दोन बोटं खाली आले.

काय तपासलं

पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारलं, स्वतःचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का? उत्तर आलं, नाही. असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, अशी भीती अनेकांना वाटते. ती खरी नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' असतं तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं आणि घरच्यांना बोलावून घेतलं असतं.

ताण किती जाणवतो हे बघायला दहा प्रश्नांची पर्सीव्ह्ड स्ट्रेस स्केल भरून घेतली. शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांनी ती मूळ १९८३ मध्ये मांडली. गुण शून्य ते ४०. त्यांचे आले २९. यातून आजाराचं निदान होत नाही, पण पुढे-मागे तुलना करायला एक आकडा हाताशी राहतो. नैराश्यासाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतली, तिथे २७ पैकी ११. म्हणजे मध्यम. लक्ष ठेवायला हवं असं.

तपासण्यांसाठी त्यांना त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. थकवा, चिडचिड, झोपमोड हे सगळं 'टेन्शन' या एका शब्दाखाली ढकलायची सवय आपल्याला लागली आहे. थायरॉईड बिघडलं, रक्त कमी असलं, बी-१२ कमी असलं, तरी माणूस असाच दिसतो. शिवाय ४८ हे पाळी जाण्याच्या आसपासचं वय. त्यात झोप मोडते आणि मनही हेलकावे खातं. थायरॉईड ठीक निघालं, हिमोग्लोबिन कमी होतं, रक्तदाब काठावर. हिमोग्लोबिनसाठी औषध सुरू झालं. एवढ्याने सगळं सुटणार नव्हतं, पण ते तसंच राहिलं असतं तर माझं सगळं बोलणं वाया गेलं असतं.

त्यांनी विचारलं, "हे बर्नआउट आहे का?" जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची, म्हणजे सततच्या ताणाने पार थकून जाण्याची, व्याख्या दिली ती फक्त नोकरी-व्यवसायाच्या संदर्भात. आयुष्याच्या इतर भागांतल्या अनुभवांना तो शब्द लावू नये, असंही तिथे म्हटलं आहे. म्हणजे संध्याकाळी सहा ते सकाळी नऊची ही पाळी त्या व्याख्येत बसतच नाही. मला हे खटकतं. शब्द कुठलाही लावा, शरीर हिशेब ठेवतंच.

माझी चूक

त्या भेटीच्या शेवटी मी तीन गोष्टी सांगितल्या. रोज अर्धा तास चालणं, दिवसातून दोनदा संथ श्वसन आणि झोपेची नोंद. तिन्ही गोष्टी बरोबरच. पंधरा दिवसांनी त्या परत आल्या तेव्हा वहीत चौदा रकाने होते.

शेवटच्या तिन्ही रकान्यांत जवळजवळ सगळ्या फुल्या. चालण्यासाठी त्या पहाटे साडेचारला उठत होत्या, म्हणजे उरलेली तासाभराची झोपही गेली होती. आणि त्या माझी माफी मागत होत्या. "तुम्ही एवढं सांगितलंत, पण माझ्यातच काहीतरी कमी आहे."

मला फार वाईट वाटलं. पाच तासांची तुटक झोप घेणाऱ्या बाईला मी आणखी तीन कामं दिली होती आणि त्याला 'स्वतःची काळजी' म्हटलं होतं. मी त्यांना सांगितलं की चूक माझी आहे, आणि वही मिटायला सांगितली. मग कोरा कागद घेतला. त्यावर गेल्या चोवीस तासांत काय काय झालं ते तासातासाने लिहायचं. काय करायला हवं होतं ते लिहायचंच नाही. प्रत्यक्षात जे घडलं तेवढंच.

कागदावर काय दिसलं

आई रात्री साडेअकराला, दोनला आणि साडेचारला उठते. तिन्ही वेळा लघवीला जाते आणि तिन्ही वेळा तिथून कडीकडे वळते. लेक दर वेळी पाऊण तास जागी. ऑफिसातून आल्यावर तासाभराने, म्हणजे सातच्या सुमारास, लेक 'तरतरी यावी' म्हणून दोन कप कडक चहा घेते. नवरा आणि मुलगा रात्री उठतात का? "त्यांना जाग येत नाही." उठवता का? "त्यांची झोप कशाला मोडायची?"

आधी चहाकडे बघू. दिवसभर मेंदूत अॅडिनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि त्यामुळे झोपेचा दाब तयार होतो. कॅफीन त्याच्या जागा अडवून बसतं. शरीरातलं निम्मं कॅफीन निघून जायला साधारण पाच तास लागतात, काहींना कमी, काहींना जास्त. सातला घेतलेल्या चहातलं बरंच काही मध्यरात्री अंगात असतं. त्यांनी शेवटचा चहा दुपारी तीनवर आणला. हा एकच बदल त्या घरात कुणालाही न विचारता होण्यासारखा होता.

तीन वेळा लघवीचं मात्र माझ्या मनात राहिलं. मी विचारलं, आईला रक्तदाबासाठी कोणती गोळी आहे आणि ती कधी देता? एक गोळी लघवी वाढवणारी होती. चिठ्ठीवर दिवसातून एकदा एवढंच लिहिलेलं, म्हणून सगळ्या गोळ्या एकत्र लक्षात राहाव्यात यासाठी त्या ती रात्री देत होत्या. मी गोळीची वेळ बदलायला सांगू शकत नाही, तो माझा अधिकार नाही. पण डॉक्टरांना विचारा, असं सांगू शकते. डॉक्टरांनी ती सकाळी द्यायला सांगितली. मूत्रमार्गाचा संसर्ग नाही ना हे तपासून घेतलं, आणि दुपारी तीन तास झोपणाऱ्या आईला दिवसा उजेडात बसवायला सांगितलं. डिमेन्शियात दिवस-रात्रीचं घड्याळच विस्कटतं, आणि दिवसाचा उजेड ते थोडंफार जागेवर ठेवतो.

दहा दिवसांत आईचं रात्रीचं उठणं तीनवरून बहुतेक रात्री एकवर आलं. या पूर्ण प्रकरणात ताणावरचा सगळ्यात परिणामकारक उपाय कोणता, असं मला कुणी विचारलं तर मी गोळीची वेळ असं सांगेन. त्या बाईच्या मनात काय चाललं होतं याच्याशी या उपायाचा काही संबंध नव्हता.

घरची बैठक

चौथ्या आठवड्यात नवरा आणि मुलगा आले, भाऊ व्हिडिओ कॉलवर. नवरा माणूस म्हणून वाईट नाही, पण त्याचं म्हणणं एकच होतं. "सगळेच थकतात, मॅडम. वय झालं की व्हायचंच."

मी त्यांना एक प्रयोग सांगितला. १९९५ मध्ये अमेरिकेत जॅनिस किकोल्ट-ग्लेझर आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची शुश्रूषा करणाऱ्या १३ बायका घेतल्या आणि त्याच वयाच्या, तशाच उत्पन्नाच्या, पण शुश्रूषेची जबाबदारी नसलेल्या दुसऱ्या १३. प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची छोटी जखम केली आणि ती भरायला किती दिवस लागतात ते मोजलं. दुसऱ्या गटाला सरासरी ३९.३ दिवस लागले, शुश्रूषा करणाऱ्यांना ४८.७. नऊ दिवस जास्त.

माणसं थोडी आहेत, अभ्यास लहान आहे, हेही सांगितलं. पण नवरा थोडा वेळ गप्प बसला आणि मग बायकोकडे बघून म्हणाला, "म्हणजे हे अंगावर उतरतं?"

ताण आला की अॅड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरकं वाढतात, ठोके वाढतात, स्नायू आवळतात. धोका टळला की सगळं पूर्वपदावर यायचं, अशी ती व्यवस्था आहे. धोका रोज रात्री तीनदा दाराची कडी काढायला लागला, तर पूर्वपदावर यायला वेळच मिळत नाही. अशाने शरीराची जी झीज होते तिला ब्रूस मॅक्‌इवेन आणि एलियट स्टेलर यांनी १९९३ मध्ये 'अॅलोस्टॅटिक लोड' हे नाव दिलं. दुखणारे खांदे, काठावरचा रक्तदाब आणि चुकणाऱ्या बेरजा यांत या झिजेचाही वाटा असणार.

भाऊ म्हणाला, "ताई, तू कधी सांगितलंच नाहीस."

"सांगायला कशाला हवं? तुझीपण आईच ना ती?"

यानंतर पाच-सहा मिनिटं कुणीच नीट बोललं नाही आणि मी मध्ये पडले नाही. ती भांडणाची पाच मिनिटं दोन वर्षं उशिराने आली होती. मग वाटणी झाली. मंगळवार-शुक्रवारची रात्र नवऱ्याची, शनिवारची मुलाची. त्या तिन्ही रात्री लेक दार लावून वेगळ्या खोलीत झोपणार. भावाने आठवड्यातून दोन रात्री मदतनीस ठेवायचा खर्च उचलला, आणि आईची बँकेची कामं, औषधांची मागणी आणि डॉक्टरांच्या वेळा घेणं हेही. ही कामं फोनवरून होतात. ती लांबच्या भावाने करावीत हे दोन वर्षांत कुणालाच सुचलं नव्हतं.

'मदत लागली तर सांग' आणि 'शुक्रवारची रात्र माझी' ही दोन वाक्यं सारखी नाहीत. पहिल्या वाक्यात मागायचं काम दमलेल्या माणसावरच राहतं.

मग कुठे श्वास

झोप थोडी सावरल्यावर मी पुन्हा लहान गोष्टींकडे वळले. अट एकच, रकाना आखायचा नाही. जे आधीच घडतं त्यालाच चिकटवायचं.

संध्याकाळी घराच्या दाराशी किल्ली हातात घेऊन त्या तीन मिनिटं थांबायला लागल्या. चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. श्वास सोडताना मेंदूतून हृदयापर्यंत येणाऱ्या व्हेगस मज्जातंतूच्या प्रभावाने हृदयाचे ठोके जरा मंदावतात, म्हणून बाहेर जाणारा श्वास लांब ठेवायचा. गरगरलं तर सोडून द्यायचं आणि नेहमीसारखा श्वास घ्यायचा. त्यांना पहिले चार दिवस काही वाटलं नाही. पाचव्या दिवशी म्हणाल्या, आत गेल्यावर आईने तोच प्रश्न चौथ्यांदा विचारला तेव्हा दात आवळले गेले नाहीत.

झोपण्याआधी पाच मिनिटं उद्याची कामं कागदावर उतरवायला सांगितली. मायकेल स्कलिन यांच्या गटाने २०१८ मध्ये ५७ तरुणांवर हे झोपेच्या प्रयोगशाळेत करून बघितलं. उद्याची कामं लिहिणारे, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे नऊ मिनिटं लवकर झोपले. ती मुलं निरोगी होती आणि प्रयोग एका रात्रीचा होता, त्यामुळे फार मोठी आशा लावू नये. पण हिशेबनीस बाईला हे आवडलं, कारण त्यांच्या डोक्यात रात्री हिशेबच चालायचे.

चालण्याचं काय? आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम, हा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२०चा सल्ला त्यांना पाठ होता आणि त्याच्या ओझ्याखाली त्या शून्य मिनिटं चालत होत्या. त्याच सल्ल्यात हेही आहे की अजिबात नसण्यापेक्षा थोडं बरं. बुधवारी आणि रविवारी भावाशी बोलायचं ठरलंच होतं. ते बोलणं त्या चालत चालत करायला लागल्या. वीस-वीस मिनिटं. याहून जास्त मी मागितलं नाही.

राग आला त्या क्षणाचं वेगळं ठरवलं. आई पडणार नाही एवढं बघायचं, "आलेच" म्हणायचं आणि खोलीबाहेर यायचं. तोंडावर गार पाणी मारायचं आणि दोन मिनिटांनी आत जायचं. हात लावायचा नाही. दाराला वरच्या बाजूला दुसरी कडी बसवली. घरात दर रात्री कुणीतरी जागं होणार असल्यामुळे आग लागली किंवा काही झालं तर ती लगेच उघडता येईल याची खात्री करून घेतली. कडीकडे धावायचं कारणच गेलं.

आणि एक गोष्ट, जिने माझ्या मते आई-लेकींचं नातं थोडंसं परत आणलं. आई रोज संध्याकाळी विचारायची, "माझी आई कुठंय?" लेक दर वेळी खरं सांगायची, की आजी जाऊन तीस वर्षं झाली. आईला ती बातमी दर वेळी नवी असायची. ती दर वेळी नव्याने रडायची आणि मग रात्र बिघडायची. मी म्हटलं, प्रश्नाला उत्तर देऊ नका, मागच्या भावनेला द्या. पुढच्या वेळी लेकीने विचारलं, "आईची आठवण येतेय का तुला?" आई म्हणाली, "हो गं." मग पाऊण तास ती तिच्या आईच्या हातांबद्दल, केसांना फणी कशी घालायची त्याबद्दल सांगत राहिली. लेकीने यातलं काहीच कधी ऐकलं नव्हतं.

आठवा आठवडा आणि पुढे

हे सगळं सरळ चढत गेलं नाही. आठव्या आठवड्यात मुलाची परीक्षा आली आणि रात्रीच्या मदतनीसने काम सोडलं. भावाने दुसरी बघायला पंधरा दिवस लावले. लेकीने पुन्हा सहा रात्री एकटीने काढल्या आणि पुन्हा आईवर ओरडल्या. हात मात्र लावला नाही. भेटायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "सगळं वाया गेलं." वाया गेलं नव्हतं. या वेळी तिसऱ्याच दिवशी त्यांनी भावाला फोन करून सांगितलं होतं, की मला झेपत नाहीये. आधी हेच सांगायला दोन वर्षं लागली होती.

बाराव्या आठवड्यात ताणाचे गुण १९, पीएचक्यू-९ वर ६. खांदे अजून दुखतात, फिजिओथेरपी चालू आहे. आईचा आजार वाढतोच आहे आणि वाढतच जाणार. पुढच्या वर्षी ही व्यवस्था पुरणार नाही, हे आम्ही सगळ्यांसमोर बोललो आणि तेव्हा काय करायचं याचीही चर्चा सुरू केली. नैराश्याचे गुण पुन्हा चढले तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायचं, हे आत्ताच ठरवून ठेवलं आहे.

शेवटच्या भेटीला त्यांनी ती वही पुन्हा आणली. रकान्यांची पानं तशीच होती. पण वही उलटी करून मागच्या बाजूने आता रात्रीची नोंद सुरू झाली होती, तीन-चार वेगवेगळ्या अक्षरांत. मुलाचं अक्षर घाईचं, नवऱ्याचं ठसठशीत. भाऊ मधल्या काळात चार दिवस राहायला आला होता. त्याच्या पानावर एवढंच होतं : 'रात्री २.१०. आई उठली. पाणी दिलं. शेजारी बसलो. २.४० ला झोपली. ताईला उठवलं नाही.'